निवेदन : एमडी, एमएस परीक्षेचा निकाल आणि त्याआधीचे अधांतरी दिवस

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तथा प्रति-कुलपती, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पदव्युत्तर वैद्यकीय परीक्षेच्या निकालाची तारीख आधी जाहीर करणे, निकाल लागेपर्यंत उमेदवारांचा दर्जा निश्चित करणे आणि अनुत्तीर्ण उमेदवारांसाठी व्यवस्था करणे याबाबत.

महोदय,

एमडी, एमएसची अंतिम परीक्षा दिलेले आम्ही राज्यातील शासकीय, महापालिका व खासगी वैद्यकीय महाविद्यालयांतील निवासी डॉक्टर हे निवेदन आपणांस सादर करीत आहोत. परीक्षा सोपी करावी, उत्तीर्णतेची अट शिथिल करावी, वाढीव गुण द्यावेत, अशी एकही मागणी यात नाही. प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के, चारही पेपर मिळून 50 टक्के आणि प्रात्यक्षिकात पुन्हा स्वतंत्र 50 टक्के, ही अट आम्हाला मान्य आहे. उद्या आमच्यापैकी कुणी तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता एकट्याने सिझेरियन करणार आहे, कुणी नवजात बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालणार आहे. ज्याला ते जमत नाही त्याला अडवणे हे परीक्षेचे कामच आहे. आमचे म्हणणे परीक्षेबद्दल नाही, ती संपल्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. कुणा एका कार्यालयावर ठपका ठेवण्याचाही आमचा हेतू नाही. जिथे स्पष्ट नियम दिसत नाही तिथे तो करावा, एवढीच विनंती आहे.

लाँग केस, शॉर्ट केस, टेबल व्हायवा उरकतात. बाहेरून आलेले परीक्षक परत जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच वॉर्डात, त्याच राउंडला उभे असतो. मात्र आता आम्ही नेमके कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. तीन वर्षांची मुदत संपलेली किंवा संपत आलेली असते, म्हणून ज्युनियर रेसिडेंट नाही. पदवी हातात नाही, म्हणून सीनियर रेसिडेंटही नाही. स्टायपेंड मुदतीपुरते असते. वसतिगृहाची खोली नव्या तुकडीला हवी असते. इमर्जन्सीचा फोन मात्र आमच्याच मोबाईलवर येतो, कारण नवे जेआर-वन रुजू होईपर्यंत युनिटमध्ये दुसरे हातच नसतात. आपण कोणत्या नियमाखाली कामावर आहोत, असे विचारले तर एका महाविद्यालयात एक उत्तर मिळते, शेजारच्या महाविद्यालयात दुसरे. काही ठिकाणी तर ‘निकाल लागेपर्यंत या, शिकायला मिळेल’ असेही ऐकायला मिळते. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि त्यावर तीन वर्षांचा निवासी काळ झालेल्या, तिशीच्या आसपासच्या डॉक्टरला हे ऐकावे लागते. त्यातल्या अनेकांच्या घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू असतो आणि काहींच्या घरी लहान मूल असते.

या एका निकालावर पुढच्या किती गोष्टी अडून असतात, याची कल्पना मंत्रालयात बसून येईलच असे नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. निकाल आणि उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे वाढीव पात्रतेची नोंद होत नाही, आणि ती नोंद झाल्याखेरीज नावापुढे एमडी लावता येत नाही. बंधपत्राची एक वर्षाची सेवा राज्याला देणे आमच्यापैकी अनेकांवर बंधनकारक आहे. ती टाळणाऱ्या पदव्युत्तर डॉक्टरला 50 लाख रुपये भरावे लागतात. ही सेवा आम्हाला टाळायची नाही, पण तिची नेमणूक निकालानंतरच होणार, म्हणजे निकाल जितका पुढे जाईल तितके ते वर्षही पुढे सरकते. सुपरस्पेशालिटीसाठीच्या नीट-एसएसला ठरावीक तारखेपर्यंत पदव्युत्तर पात्रता हाती असावी लागते. ती तारीख दिल्लीत ठरते आणि आपल्या राज्याच्या निकालासाठी थांबत नाही. अध्यापनाकडे वळायचे तर सीनियर रेसिडेंट म्हणून केलेले वर्ष मोजले जाते, आणि ते वर्ष निकालाच्या आधी सुरूच होत नाही. एक तारीख हलली की पुढची सगळी गणिते चुकतात, आणि ती चुकतात तेव्हा उमेदवाराच्या हातात काहीच नसते.

म्हणून पहिली मागणी तारखेची आहे. वेळापत्रकात लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिकाच्या तारखा छापतात, त्याच कागदावर निकालाची तारीखही छापावी. इतर अभ्यासक्रमांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने शक्यतो 30 दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत निकाल लावण्याचे बंधन घातले आहे. पदव्युत्तर वैद्यकीय परीक्षेला हजारोंनी उमेदवार बसले तरी एकेका विषयातली संख्या बीए, बीकॉमच्या मानाने अगदी थोडी असते, आणि प्रात्यक्षिकाचे गुण तर त्याच दिवशी कागदावर उतरलेले असतात. त्यामुळे शेवटच्या प्रात्यक्षिकापासून 30 दिवस ही मर्यादा जड जाऊ नये. क्वचित उशीर होणार हेही आम्ही समजू शकतो. पण मग नवी तारीख आणि उशिराचे कारण जुनी तारीख उलटण्याआधी संकेतस्थळावर यावे. गाडी दोन तास उशिरा धावत असेल तर स्थानकावर तशी घोषणा होते. फलाटावरच्या माणसाला तेवढाही आधार पुरतो. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले तेव्हा प्रकरण थेट कुलपतींपर्यंत गेले आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले, हे राज्याने पाहिले आहे. त्या वेळी विद्यार्थ्यांचा खरा संताप उशिरापेक्षा रोज बदलणाऱ्या आश्वासनांवर होता, असे आमचे मत आहे.

दुसरी मागणी दर्जाची. अंतिम परीक्षेच्या दिवसापासून निकालापर्यंत, किंवा पुढच्या नेमणुकीपर्यंत, रुग्णसेवेत असलेल्या प्रत्येक उमेदवाराला लेखी आदेश द्यावा, शेवटच्या वर्षाच्या दराने स्टायपेंड द्यावे आणि वसतिगृहाची खोली त्याच्याकडेच ठेवावी. ज्याला या काळात घरी जायचे आहे त्याला बिनशर्त जाऊ द्यावे. हे अशक्य नाही, कारण अशी मुभा यापूर्वी दिली गेली आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 3 मे 2021 रोजी केंद्र सरकारने जाहीर केले होते की नवी तुकडी रुजू होईपर्यंत अंतिम वर्षाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची निवासी डॉक्टर म्हणून सेवा सुरू ठेवता येईल. सरकारला आमची गरज होती तेव्हा आमचा दर्जा एका निर्णयात ठरला. आता गरज आमची आहे, म्हणून तो अधांतरी राहू नये.

बिनपगारी, बिनआदेशी डॉक्टरने केलेल्या शस्त्रक्रियेत काही बिघडले तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात लिहीत आहोत. नातेवाईक विचारतील तेव्हा त्याचे उत्तर वॉर्डात शोधण्याची वेळ येऊ नये.

तिसरी मागणी किरकोळ वाटेल, पण ज्याने तो अनुभव घेतला आहे त्याला ती तशी वाटणार नाही. निकाल रात्री उशिरा लागतो, संकेतस्थळ बंद पडते, कुणीतरी महाविद्यालयाची पूर्ण यादी मिळवतो आणि पाच मिनिटांत ती विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते. एका विभागातून बसलेले उमेदवार चार-पाचच असतात. बैठक क्रमांकाच्या आड लपायला तिथे जागा नसते. अभिनंदनाचे संदेश सुरू होतात आणि ज्याचा क्रमांक यादीत नाही त्याला स्वतःचा निकाल इतरांच्या अभिनंदनातून कळतो. एकीला तो ओटीत हात धुताना सिस्टरकडून कळला. निकाल प्रथम उमेदवाराच्या स्वतःच्या लॉगिनवर आणि मोबाईलवर, गुणांसकट, कामकाजाच्या वेळेत यावा. महाविद्यालयाला यादी किमान 24 तासांनी मिळावी, आणि ती ग्रुपवर टाकू नये अशी लेखी सूचना अधिष्ठात्यांना द्यावी. कुणाला आई-वडिलांना आधी सांगायचे असते, कुणाला कुणालाच सांगायचे नसते. तेवढी सवड मिळायला हवी.

आता अनुत्तीर्णांविषयी, ज्यांच्याबद्दल अशा निवेदनांत सहसा एका ओळीत ‘सहानुभूतीने विचार व्हावा’ असे लिहून पुढे जातात. हे निवेदन लिहिताना आमच्यापैकी कुणालाच आपला निकाल माहीत नाही. त्यामुळे ही मागणी उद्या कुणाच्या कामी येईल, हे आज आम्हाला सांगता येणार नाही.

अनुत्तीर्ण निवासी डॉक्टर दुसऱ्या दिवशी कुठे जातो? बहुतेक वेळा त्याच विभागात. ज्या ज्युनियरला त्याने लंबर पंक्चर शिकवले तो आता त्याच्याकडे बघण्याचे टाळतो. कालचा जोडीदार सीनियर रेसिडेंट म्हणून सही करतो. रुग्णांना यातले काही ठाऊक नसते, ते कालच्यासारखेच त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत राहतात आणि ते ऐकून घेणे त्याला सगळ्यांत अवघड जाते. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोपर्यंत स्टायपेंड नाही, आदेश नाही आणि अभ्यासाला जागाही नाही. शिवाय आपण नेमके कुठे कमी पडलो, याचा पत्ता नाही. लेखी पेपरात काय चुकले ते उत्तरपत्रिका पाहून तरी कळू शकते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहितीच्या अधिकारात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही हा हक्क बजावताना हात आखडतो, कारण अंतर्गत परीक्षक आपल्याच विभागातले असतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्यांच्यासमोरच उभे राहायचे असते. म्हणून उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठीचा अर्ज थेट विद्यापीठाकडे जावा, महाविद्यालयाला त्याची खबर लागू नये आणि प्रत 15 दिवसांत मिळावी.

प्रात्यक्षिकाची गोष्ट याहून बिकट आहे. तिथे मागे राहतो तो फक्त एक आकडा. कोणता रुग्ण दिला होता, इतिहास घेण्यात चूक झाली की तपासणीत, निदान चुकले की उपचाराचा क्रम, यातले काहीच नोंदलेले नसते. प्रत्येक केससाठी छापील गुणपत्रक असावे, त्यात टप्प्यांनुसार गुण द्यावेत, आणि अनुत्तीर्ण ठरवताना परीक्षकांनी तीन-चार ओळींत कारण लिहून सही करावी. चांगला परीक्षक हे आजही तोंडी सांगतो. आम्ही ते कागदावर मागत आहोत, कारण शिकायचे कशातून हे कळले नाही तर सहा महिने म्हणजे नुसती शिक्षा उरते. पुनर्परीक्षेपर्यंत ज्याला विभागात काम करायचे आहे त्याला ठरावीक तास, स्टायपेंड आणि ग्रंथालय मिळावे; ज्याला दुसऱ्या रुग्णालयात राहून तयारी करायची आहे त्याला तशी परवानगी मिळावी. एका चेहऱ्यापासून दूर जाता येणे हाही कधी कधी उपचार असतो.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल 2024 मध्ये आला आहे. त्यातले किती अमलात आले, यावर वेगळे निवेदन द्यावे लागेल. इथे एवढेच मागतो की निकालाच्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर प्रत्येक महाविद्यालयात मानसोपचार विभागाबाहेरचा, शक्यतो संस्थेबाहेरचा, समुपदेशक उपलब्ध असावा. ज्यांच्याबरोबर उद्या ड्युटी करायची त्यांच्यासमोर कुणी रडत नाही. ‘टेली-मानस’ची 14416 ही सेवा आहे आणि ती चांगली आहे, निकालाच्या पानावरच तो क्रमांक छापायला खर्च येत नाही.

राज्यातल्या रुग्णालयांत डीएनबी करणारे आमचे सहकारी दिल्लीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या अखत्यारीत येतात. त्यांना दोनदा वाट पाहावी लागते : आधी लेखीच्या निकालाची, मग अनेकदा परगावी झालेल्या प्रात्यक्षिकाच्या निकालाची. त्यांचा प्रश्न आपल्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. केंद्राकडे पत्र पाठवणे मात्र आपल्या हातात आहे आणि तेही आमच्या मागण्यांत धरावे.

यापैकी स्टायपेंड, आदेश आणि वसतिगृह या बाबी आपल्या विभागाच्या शासन निर्णयाने सुटण्यासारख्या आहेत. निकालाची तारीख, गुणपत्रक व उत्तरपत्रिका या बाबी विद्यापीठाच्या विद्या परिषदेसमोर ठेवाव्या लागतील. त्यासाठी विद्यापीठाचे परीक्षा नियंत्रक, वैद्यकीय शिक्षण संचालनालयाचे अधिकारी आणि निवासी डॉक्टरांचे प्रतिनिधी यांची एकत्र बैठक आपल्या दालनात बोलवावी. प्रतिनिधींत मागच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला किमान एक जण असावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे. पुढच्या परीक्षेचे अर्ज सुरू होण्यापूर्वी निर्णय झाला तर तो त्याच तुकडीला लागू करता येईल. बैठकीची तारीख कळवावी; ड्युटीची अदलाबदल करून आम्ही हजर राहू.

आपले विश्वासू,
अंतिम परीक्षा दिलेले पदव्युत्तर निवासी डॉक्टर
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. संचालक, वैद्यकीय शिक्षण व संशोधन, मुंबई