चीजचा वास चालतो, सुकटीचा का चालत नाही?

पुण्यात ज्या खोलीत आमचा रविवारचा अभ्यासवर्ग भरतो ती खोली भाड्याची आहे. करारात कलम आहे, घरात मांसाहार शिजवायचा नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाने गावाकडून आलेली सुकट तव्यावर भाजली. दहा मिनिटांत जिन्यात माणसे जमली आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीचे पत्र आले. पत्रातला शब्द होता 'दुर्गंधी'. ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे.

मागच्या महिन्यात आमची एक मैत्रीण जर्मनीहून सुट्टीवर आली. समाजकल्याण खात्याच्या परदेश शिष्यवृत्तीवर ती तिकडे शिकते. वर्ग संपल्यावर तिने बॅगेतून चीजच्या तीन पुड्या काढल्या : लिम्बर्गर, रोकफोर आणि पार्मिजानो रेज्जानो. चीज म्हणजे सँडविचमधली पिवळी चकती एवढेच ज्यांना ठाऊक, असे आम्ही सातजण भोवती बसलो. लिम्बर्गरचा कागद सुटला आणि खोलीत असा वास पसरला की दोघे उठून खिडकीकडे गेले. दिवसभर बुटात कोंडलेल्या पायांचा वास असतो ना, अगदी तोच! ही अतिशयोक्ती नाही. लिम्बर्गरच्या सालीवर वाढणारे जिवाणू आणि माणसाच्या पायाला वास आणणारे जिवाणू हे जवळचे नातलग आहेत. मलेरिया पसरवणारे डास माणसाच्या पायांकडे येतात तसेच या चीजकडेही येतात, हे दाखवणाऱ्या संशोधकांना 2006 मध्ये इग्नोबेल हा गमतीचा पुरस्कारही मिळाला.

दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरच्या काकू. "कसला वास येतोय हो?" आम्ही म्हणालो, "चीज आहे काकू, जर्मनीचं." काकूंचा चेहरा क्षणात बदलला. "अस्सं होय! फॉरेनचं का?" त्यांना बशीत एक तुकडा दिला, त्या तो घेऊन गेल्या. पत्र काही आले नाही.

मित्रांनो, या प्रसंगावर हसून झाले की थोडे थांबून विचार करायला हवा. वास नाकाला येतो, पण 'दुर्गंधी' हा निकाल नाक देत नाही. तो कोण देते?

आधी चवीबद्दल लिहू, कारण चवीचा आनंद आम्ही घेतला आणि तो लपवण्याचे कारण नाही. लिम्बर्गरचा वास जितका उग्र, तितकी आतली चव सौम्य, लोण्याच्या जवळ जाणारी. जर्मनीत ते राईच्या काळपट पावावर, वर कच्चा कांदा ठेवून खातात. आमच्याकडे ज्वारीची भाकरी होती, कांदा होता. ते इतके जमून आले की लिम्बर्गर सगळ्यात आधी संपले. तिकडे ते साध्या दुकानात स्वस्तात मिळते, म्हणूनच विद्यार्थिनीच्या बॅगेत आले. रोकफोर मात्र सगळ्यांना झेपले नाही. मेंढीच्या कच्च्या दुधाचे, आत निळ्या-हिरव्या बुरशीच्या शिरा, खारट आणि जिभेला चावणारे. एकाने सरळ थुंकले. दुसऱ्याने तिसरा तुकडा मागितला. पार्मिजानो दगडासारखे घट्ट. चावताना मधेच बारीक खडे कुरकुरतात, ते मिठाचे नव्हेत. चीज महिनोन्महिने मुरताना त्यातली प्रथिने तुटतात आणि टायरोसिन नावाच्या घटकाचे स्फटिक तयार होतात, ते हे खडे.

इथेच आमच्या डोक्यात घंटा वाजली. मीठ, हवा, वेळ आणि प्रथिनांचे तुटणे. बोंबील वाळतो तेव्हा यापेक्षा वेगळे काय घडते? आमच्या आज्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवत आणि चान्या करून डब्यात भरून ठेवत, तेव्हा वेगळे काय घडत होते? आज मिळाले ते उद्याच्या उपाशी दिवसासाठी राखायचे, ही जगभरच्या गरिबांची विद्या आहे. युरोपातल्या मेंढपाळाने तेच केले. जास्तीचे दूध नासून जाण्याऐवजी त्याने ते आटोक्यात ठेवून 'नासवले'. रोकफोरची दंतकथासुद्धा अशीच आहे : एक मेंढपाळ पोरगा आपली शिदोरी गुहेत विसरला आणि परत आला तेव्हा तिला बुरशी लागलेली होती.

फरक पुढे पडतो. फ्रान्सने 1925 मध्ये रोकफोरच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. ते त्याच गावाच्या गुहांत मुरले पाहिजे, नाहीतर ते रोकफोर नव्हे. युरोप अमेरिकेचे संप्रेरक दिलेले गोमांस नाकारत राहिला, तेव्हा 1999 मध्ये अमेरिकेने सूड म्हणून रोकफोरवर जबर आयातकर लावला. त्यावर जोझे बोव्हे हा मेंढपाळ शेतकरी आणि त्याच्या साथीदारांनी मियो गावात बांधकाम चालू असलेले मॅकडोनाल्ड्स मोडून काढले. बोव्हे तुरुंगात गेला. एका बुरशी लागलेल्या, वास मारणाऱ्या पदार्थासाठी! त्याला कोणी म्हणाले नाही की हे घाणेरडे अन्न सोड, म्हणजे तुझी उन्नती होईल.

आमच्या चान्यांना कोणते संरक्षण मिळाले? शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांचे अन्न पहिल्यांदा सविस्तर नोंदवले. त्याच 2015 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली आणि त्या पुस्तकातले अनेक पदार्थ करणे हाच गुन्हा ठरला.

आता शुद्धतेकडे वळू. दूध घट्ट करायला चीजमध्ये रेनेट घालतात. परंपरेने ते दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून काढले जाते. वासरू कापल्याशिवाय ते मिळत नाही. 1990 मध्ये अमेरिकेने सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेल्या या विकराला मान्यता दिली आणि आज जगातले बरेचसे चीज जठराविना बनते. भारतात हिरव्या ठिपक्याचे चीज मिळते ते अशा पर्यायी रेनेटमुळे. पण पार्मिजानोच्या नियमांत पर्याय नाही. तिथे वासराचेच रेनेट लागते आणि किमान 12 महिने मुरवावे लागते. युरोपच्या सहलीला जाणारी किती 'शुद्ध शाकाहारी' कुटुंबे पास्त्यावर भुरभुरलेल्या चीजमध्ये काय आहे हे विचारतात? ज्यांना शाकाहार पाळायचा त्यांनी खुशाल पाळावा, आमची तक्रार नाही. पण ज्या माणसाला चीजमधले वासरू दिसत नाही त्याला दुसऱ्याच्या डब्यातले हाड जिन्यातूनच कसे काय दिसते? दूध हवे तर गाय व्यायलाच हवी, आणि नर वासरांचे पुढे काय होते हे दूध पिणारा विचारत नाही. वासराच्या तोंडचा चीक काढून केलेला खरवस तर 'शुद्ध शाकाहारी' पाट्यांखालीच विकला जातो! गाय मेली की ओढायला मात्र आम्ही. 2016 मध्ये ऊना इथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या आमच्या भावांना उघडे करून मारले, हे कोण विसरेल?

या पार्मिजानोमागे हात कोणाचे आहेत हेही आम्हाला मैत्रिणीकडून कळले. इटलीच्या पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत आणि चीजच्या कारखान्यांत पंजाबी कामगार मोठ्या संख्येने राबतात. त्याच उत्तर इटलीत रविदासिया समाजाने स्वतःची वेगळी गुरुघरे उभी केली आहेत. जात विमानातून तिकडेही गेली, हे त्यावरून कळते.

हे सगळे एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सांगितले तेव्हा ते रागावले. म्हणाले, "पोरांनो, बाबासाहेब लंडनला रात्री पापड भाजून खात भूक मारायचे, आणि तुम्ही चीजच्या गोष्टी सांगता? आणि 1927 ला महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तुम्ही चान्यांचा अभिमान कसला सांगता?"

दुसरा प्रश्न गंभीर आहे. महाडला बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मढे आणि उष्टे, म्हणजे दुसऱ्याने टाकलेले. लाचारीने मिळालेल्या घासाला त्यांचा विरोध होता. अन्नावरून माणसाला अस्पृश्य ठरवणाऱ्या व्यवस्थेचा पंचनामा तर त्यांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये स्वतःच केला आहे. चान्या करण्याचे कसब आणि मढे ओढण्याची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सक्तीला मूठमाती देताना कसबही लाज म्हणून पुरले गेले, हे आमचे दुःख आहे. पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच की बाबासाहेब उपाशी राहिले ते आम्ही उपाशी राहावे म्हणून नव्हे. जगातली कोणतीही चव 'आपल्यासाठी नाही' असे समजायला आम्ही तयार नाही.

पण त्यांच्या रागात एक खरी भीतीही होती, आणि ती त्या दिवशी आमच्यातल्याच एकाने बोलून दाखवली. रोकफोरचा तिसरा तुकडा मागणारा तो हाच. म्हणाला, "हॉस्टेलला तीन वर्षं आईनं दिलेली सुकटीची चटणी मी एकदाही सगळ्यांसमोर उघडली नाही. रात्री गच्चीवर जाऊन खायचो. आज हे चीज मात्र मी फोटो काढून स्टेटसला टाकलं." खोलीत कोणी काही बोलले नाही. आमच्यापैकी प्रत्येकाकडे अशी एखादी गच्ची होती. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखली गेली आणि त्याच टेबलावर बसून मांसाहार करत निषेध केल्याबद्दल विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. तो विद्यार्थी गच्चीवर गेला नाही, हे लक्षात घ्या.

जम्मूच्या एका साथीने आता कलाडी पाठवतो म्हणून कळवले आहे. तिकडचे गुज्जर-बकरवाल पशुपालक ती करतात. ही चपटी चकती तेल न घालता तव्यावर ठेवली की स्वतःच्याच स्निग्धांशात तांबूस होते आणि आतून तारा सुटतात, असे तो सांगतो. पार्सल आले की रविवारच्या वर्गानंतर तवा तापेल. त्याच तव्यावर सुकटही भाजायची ठरली आहे, आणि वरच्या काकूंना बशीत दोन्ही द्यायचे. सोसायटीचे जुने पत्र तोवर आम्ही भिंतीवर लावले आहे.