गोड चेहऱ्याचा हुकूम

बदलापूर लोकलमध्ये मांडीवरच्या बॅगेवर पत्ते पडू लागले, की सगळ्यांचा लाडका गडी जिंकला तर ते त्याचे नशीब मानतात. निव्वळ नशीब नसावे. एरिक श्लिच्ट आणि सहकाऱ्यांचा पोकरवरचा प्रयोग २०१० साली ‘प्लॉस वन’मध्ये आला. समोर विश्वासू चेहरा असला, की खेळणारे जास्त वेळ घेत, जास्त चुकत, जिंकण्याजोगी पानेही टाकून देत. दरडावणाऱ्या चेहऱ्याचा मात्र फारसा परिणाम नाही! चेहरे संगणकावरचे होते, हे खरे. तरीही ‘मित्रांमधली तीन पत्ती निरुपद्रवी’ हे पटत नाही. हसरा मित्र थाप मारणार नाही, या भरवशावर पाने खाली ठेवली जातात. महिनाअखेरीस खिसा कुणाचा रिकामा, हे विचारायला सगळेच संकोचतात.