दोन देशांचा यजमान

परदेशात कायमचे राहावयास गेलेल्या माणसाकडे मायदेशाहून मित्र आले, तर त्याने त्यांना काय दाखवावे? केवळ प्रेक्षणीय स्थळे दाखवून यजमानाचे कर्तव्य संपत नाही, असे मला वाटते.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचेच उदाहरण घ्या. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ज्यू लोकांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळजण तिकडे गेले. नेगेव्हच्या वाळवंटात १९५५ साली वसलेल्या दिमोना गावी कित्येकांनी संसार थाटले. तेथील यजमानाने भारतीय मित्राला जवळचा मृत समुद्र अवश्य दाखवावा. त्याच्या अतिखारट पाण्यात माणूस सहज तरंगतो. परंतु नवी भाषा शिकताना आणि रुक्ष भूमीत घर उभारताना पडलेले कष्टही सांगावेत, शेजाऱ्यांची ओळख करून द्यावी. शुभप्रसंग असेल, तर पोहे, नारळ व गूळ यांचा मलिदा सर्वांनी मिळून खावा. म्हणजे यजमानाने ती भूमी आपलीशी कशी केली, हे मित्राला उमगेल.

पाहुण्यानेही ‘तुमचा खरा देश कोणता?’ असे विचारून त्याचे मन दुखवू नये. देवकीने जन्म दिला, यशोदेने वाढविले. कृष्णाला दोघीही माताच होत्या.