विश्लेषण : लातूरला विमान आले तरी टिकेल का?

लातूरहून प्रवासी विमान कधी सुटणार, हा प्रश्न निवडणूक जवळ आली की हमखास निघतो. विमानतळ आहे, धावपट्टी आहे. नियमित सेवा मात्र नाही. रेणापूरच्या माणसाला विमान धरायचे तर नांदेड किंवा थेट हैदराबाद गाठावे लागते. ‘सरकारी स्वस्त विमान कंपनीला लातूर द्या’ ही मागणी म्हणूनच रास्त वाटते. पण त्या कंपनीचा इतिहास पाहिला तर मागणी जरा वेगळ्या शब्दांत करायला हवी, असे दिसते.

ही कंपनी कोणती?

अलायन्स एअर. १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून ती सुरू झाली. मूळ कंपनीच्या जुन्या बोइंग ७३७-२०० विमानांवर कमी खर्चात उड्डाणे चालवायची, असा बेत होता. उतरलेले कपडे धाकट्याला घालावेत तसाच हा प्रकार. १७ जुलै २००० रोजी पाटण्यात यापैकी एक विमान वस्तीवर कोसळले. जमिनीवरच्या पाच जणांसह साठ जण मृत्युमुखी पडले. पुढे कंपनी लहान एटीआर विमानांकडे वळली. आधी एटीआर ४२ आणि २०१४ च्या अखेरीपासून सत्तर आसनांची एटीआर ७२-६०० तिच्याकडे आली.

एअर इंडियाची दुसरी स्वस्त उपकंपनी म्हणजे एअर इंडिया एक्स्प्रेस. एप्रिल २००५ मध्ये केरळमधून आखाती देशांकडे तिची उड्डाणे सुरू झाली. ताफ्यात बोइंग ७३७-८०० आणि प्रवासी आखातात राबणारे कामगार, असे तिचे गणित पक्के होते. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली, तेव्हा कमावती एक्स्प्रेस सोबत गेली. तोट्यातली अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. लहान गावांची जबाबदारी कोणाच्या वाट्याला आली, हे यावरून कळते.

एटीआरच का?

पंखा फिरवणारे हे विमान पाचशे-सहाशे किलोमीटरच्या पल्ल्यावर जेटपेक्षा बरेच कमी इंधन खाते आणि आखूड धावपट्टीवरही उतरते. शिवाय एकशे ऐंशी आसने रोज भरण्याइतके प्रवासी लातूरसारख्या शहरात मिळणे कठीण. सत्तर आसनांचा विचार तरी करता येतो. म्हणजे लातूरसाठी विमान हेच योग्य. अडचण संख्येची आहे. अलायन्स एअरचा ताफा वीसच्या आसपास, तर इंडिगोकडे चारशेहून अधिक विमाने. मोठ्या कंपनीचे एक विमान दुरुस्तीला गेले तर दुसरे लावता येते. इथे एक विमान बसले की दोन-तीन शहरांची सेवा कोलमडते, आणि पहिली फेरी रद्द होते ती कमी प्रवासी असलेल्या गावाची.

मग ‘उडान’चे काय झाले?

२७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्यात पंतप्रधानांनी अलायन्स एअरच्या विमानाला झेंडा दाखवून ‘उडान’ योजना सुरू केली. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवेचाही प्रारंभ झाला. ती चालवायला ट्रूजेट ही खासगी कंपनी होती, विमान एटीआर ७२. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, त्यामुळे पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेटची उड्डाणेच थांबली. नांदेडला पुन्हा नियमित सेवा मिळाली ती २०२४ मध्ये, कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरकडून.

या योजनेत कंपनीचा तोटा भरून देण्यासाठी जो निधी मिळतो, त्याचा बहुतांश भार केंद्राच्या निधीतून आणि उरलेला राज्याकडून येतो. हा आधार तीनच वर्षांचा. त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी अपेक्षा. सिंधुदुर्गात काय घडले? ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळावर अलायन्स एअरचे मुंबईहून आलेले विमान मोठ्या समारंभाने उतरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुदत संपली आणि ती सेवाही थांबली. पर्यटनाचा जिल्हा असून ही गत. मग लातूरचे काय होईल, हा प्रश्न उद्घाटनाच्या आधी विचारायचा असतो, नंतर नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीला याच कंपनीचे एटीआर सुरू झाले. त्याचे चौथे वर्ष कसे जाते, याकडे लातूरकरांनी डोळे लावून बसायला हरकत नाही.

लातूरने काय मागावे?

नुसते विमान मागून भागणार नाही. लातूरचा प्रवासी पर्यटक नाही. तो शिकवणीसाठी मुलाला ठेवणारा पालक आहे, सोयाबीनचा व्यापारी आहे, मुंबईत उपचार घेणारा रुग्ण आहे. रात्रीच्या रेल्वेत जागा मिळाली तर यातले बरेच जण विमानाकडे वळणारही नाहीत. तेव्हा मुंबईला सकाळी पोहोचून संध्याकाळी परतता येईल अशी वेळ हवी. दुपारी बाराची फेरी आठवड्यातून तीनदा देऊन ‘प्रवासीच नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही. तीन वर्षांनंतरचा तोटा राज्य कसा आणि किती काळ भरणार, हेही करारात लिहून घ्यावे. सोलापूर-मुंबई मार्गासाठी राज्याने स्वतःच्या तिजोरीतून असा आधार दिला आहे. लातूरलाही तो मागता येईल, मात्र किती आसने भरली याचा हिशेब दर महिन्याला जाहीर करण्याच्या अटीसह. कारण हा पैसा विमानात कधीच न बसणाऱ्या रेणापूरच्या शेतमजुराच्या खिशातूनही जाणार आहे.