आजीची नऊवारी, नातीची गंमत

लग्नाच्या मांडवात हल्ली एक दृश्य हमखास दिसते. घरातल्या प्रौढ बायका झुळझुळीत सिंथेटिक साड्यांत, आणि कॉलेजात जाणारी नात मात्र खणाचे पोलके, फुग्याच्या बाह्या, काजळाची लांब रेघ अशा थाटात. आणि नऊवारीखाली चक्क पांढरे कॅनव्हासचे बूट! आजी विचारते, "हे काय गं सोंग?" नात हसून म्हणते, "आजी, हे रेट्रो आहे!"

जुना दिमाख मिरवायचा आणि त्यालाच हळूच चिमटा काढायचा, ही गंमत आता मोठा व्यवसाय झाली आहे. मसाबा गुप्ता यांनी २००९ मध्ये मुंबईत स्वतःच्या नावाने स्त्रियांचे कपडे काढले. साडीवर कोयरी-बुट्टीऐवजी गाई आणि कॅमेरे अवतरले. २०२२ मध्ये आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेलने या व्यवसायातला ५१ टक्के हिस्सा ९० कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. थट्टेलाही केवढा भाव!

या थट्टेचे एक माहेर मात्र कोल्हापूरला आहे. तिथल्या भानुमती राजोपाध्ये म्हणजेच भानू अथय्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणाऱ्या, हा मान लाभलेल्या पहिल्या भारतीय. 'ब्रह्मचारी' (१९६८) मधली मुमताजची केशरी साडी त्यांचीच. मनसोक्त नाचता यावे म्हणून ती अंगाबरोबर शिवलेली होती आणि तिला चेन होती. दिसायला साडी, घालायला झगा! आजची शिवलेली नऊवारी तिचीच धाकटी बहीण. साडीला विनोद सोसतो, हे भानूताईंनी कधीच दाखवून दिले होते.

मग कुणी म्हणेल, यात हिंगोलीचा काय संबंध? संबंध आहे. शहरात साडीवर पुरुषी शर्ट घालणे ही नवलाईची फॅशन समजली जाते. आमच्या वसमतकडच्या हळदीच्या शेतात राबणारी बाई नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवते, तो ऊन आणि पातीची कुसळ अंगाला लागू नये म्हणून. छायाचित्रातला शर्ट 'स्टाइल' ठरतो, बांधावरचा 'गावंढळ'. कपडा एकच, पण एकीला निवड आहे आणि दुसरीला गरज. अडचण इथेच आहे.

म्हणून नातीच्या हौसेला नाके मुरडू नयेत. ती गंमत करते म्हणून तरी खण आणि नऊवारी ट्रंकेतून बाहेर येतात. फक्त हसू कुणावर आहे, एवढे तिने पाहावे. स्वतःवर आणि बदलत्या काळावर हसणे ही रसिकता; ज्या बाईला अजून तोच वेश रोज नेसावा लागतो तिच्यावर हसणे हा उर्मटपणा. आणि फॅशनवाल्याचे नाव शिलाईवर झळकते, तसे ती शिलाई मारणाऱ्या हाताचे मोलही चोख मिळावे.

संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून याच जिल्ह्यातले नर्सी ओळखले जाते. जातीने शिंपी असलेल्या नामदेवांनी गज, कात्री आणि सुई-दोऱ्याला भक्तीच्या पंक्तीत बसवले. ज्या मातीत सुईला असा मान मिळाला, तिथे कपड्याची थट्टा जरूर व्हावी, कष्टाची होऊ नये.

येत्या सणाला नातीने आजीची ट्रंक जरूर उघडावी. मात्र चेन लावण्याआधी एकदा आजीकडून कासोटा घालायला शिकून घ्यावा. बुटांचे पुढे बघता येईल.