हिराबी नामंजूर, हिरा मंजूर

मराठीत 'नाव ठेवणे' वेगळे आणि 'नावे ठेवणे' वेगळे. आमच्या समाजात अलीकडे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकली जातात. बाळाचे नाव ठेवायला चार माणसे जमतात आणि वाडवडिलांच्या नावांना नावे ठेवून उठतात.

मागच्या वर्षी आमच्या घरी नात जन्मली. अकिक्याच्या दोन दिवस आधी अशीच बैठक बसली. आमच्या आईचे नाव हिराबी. बाईने विड्या वळून चार लेकरांना शाळेत घातले. नातीला तिचे नाव ठेवावे, एवढीच आमची इच्छा होती. एका पाहुण्याने खिशातून 'इस्लामी नावां'ची पुस्तिका काढली, दुसऱ्याने मोबाइल. दोघांचा निकाल एकच निघाला, हे नाव गैरइस्लामी आहे. अर्थ वाईट आहे का, असे आम्ही विचारले. अर्थ चांगला आहे, पण शब्द 'त्यांचा' आहे, असे उत्तर मिळाले. याच नावाने आमच्या आईचा निकाह लागला, याच नावाने ती हयातभर नमाज पढली, रोजे धरले आणि याच नावाने तिच्या मगफिरतीची दुआ मागितली गेली. कोणा काझीने, कोणा पेशइमामाने कधी हरकत घेतल्याचे आम्हाला आठवत नाही.

राग आला, तो गिळला आणि मग विचार करू लागलो. आमच्या गावच्या जुन्या पिढीची नावे आठवून पाहिली. दगडू, भिकन, फकीर, गुलाब, चाँदसाहेब, बाबालाल, दावल, दस्तगीर, मीरासाहेब, बंदेनवाज, राजमा, सोनाबी. प्रत्येक नावामागे काही ना काही होते. लेकरे जगत नसत, म्हणून मृत्यूची नजर लागू नये यासाठी आई पोटच्या पोराला दगडू म्हणत असे, भिकन म्हणत असे. शेजारची हिंदू आईही तेच करी. मीरासाहेब हे नाव मिरजेच्या दर्ग्याचे, बंदेनवाज गुलबर्ग्याचे. दस्तगीर म्हणजे हात धरणारा. अब्दुल कादिर जिलानी यांचे हे बिरूद इराणच्या भाषेतले, पण ते आमच्या बांधाबांधावर रुजले. मोहरमात जन्मला तो हुसेन, रमजानात जन्मला तो रमजान. त्या माणसांकडे अर्थकोश नव्हता. त्यांच्याकडे नवस होता, पीर होता, भीती होती आणि माया होती.

ही देवघेव एकाच बाजूची नव्हती. मालोजीराजांनी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ यांना नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. भोसल्यांना पिराचे नाव घेताना धर्म बुडाल्यासारखे वाटले नाही. आम्हाला मात्र हिऱ्याची धास्ती!

आता 'इस्लामी नाव' म्हणजे काय, ते पाहू. पैगंबरांच्या वडिलांचे नाव अब्दुल्लाह. पैगंबरांच्या जन्माच्या सुमारासच ते वारले, म्हणजे इस्लामच्या आधीचे हे नाव. खदीजा, उमर, अली, हमजा, उस्मान ही सारी नावे इस्लाम येण्याआधी अरबस्तानात ठेवली गेलेली आहेत. ही माणसे मुसलमान झाली तेव्हा त्यांना कोणी नवी नावे दिली नाहीत. नावांनी इस्लामला मोठे केले नाही, माणसांनी नावांना मोठे केले. पैगंबरांनी काही नावे बदलली, हे खरे. 'आसिया' म्हणजे अवज्ञा करणारी, या नावाच्या बाईला त्यांनी 'जमीला' म्हटले. ज्या नावात माणसाचा अपमान होता किंवा फाजील बढाई होती ते बदलले, परक्या भाषेतले म्हणून नव्हे.

आणि अर्थाचेच वेड असेल तर मग हेही ऐका. अरबी कोशात उस्मान म्हणजे माळढोकाच्या जातीच्या एका पक्ष्याचे पिल्लू. खदीजा या नावाचे मूळ दिवस भरण्याआधी जन्मण्याशी जोडलेले आहे. आजची पुस्तिका हातात घेऊन कोणी निवड करायला बसला असता तर ही दोन्ही थोर नावे बाजूला पडली असती.

मूसा, दाऊद, सुलेमान, मरियम ही नावे यहुद्यांकडून आलेली. परवीन, शिरीन, फिरोज, रुस्तम, जमशेद ही फारसी. रुस्तम आणि जमशेद तर इस्लामपूर्व इराणच्या कथांतले, पारशी घरांतही हीच नावे आहेत. ही सगळी आम्हाला चालतात. इतकेच काय, ज्या तोंडाने आम्ही हिराबीला गैरइस्लामी म्हणतो त्याच तोंडाने नमाज, रोजा, पैगंबर, खुदा म्हणतो. हे शब्द अरबी नाहीत, फारसी आहेत. 'नमाज' तर संस्कृत 'नमस्'चा भाऊबंद. इराणचा शब्द पाक आणि सोलापूरचा नापाक, हा न्याय कुठला?

याहून मौज मोबाइलमधल्या याद्यांची. 'झोया' हे नाव आज कितीतरी मुस्लिम घरांत आहे. गोड नाव आहे, आमची तक्रार नाही. पण ते ग्रीक 'झोए'चे रशियन रूप आहे, त्याचा अर्थ जीवन. यादी ते बिनदिक्कत इस्लामी म्हणून सांगते. 'अलैना' म्हणजे काय? 'आमच्यावर'. कुराणाच्या आयतीतला सुटा शब्द कानाला बरा वाटला आणि त्याची मुलगी झाली! 'मिन्हा'चा अर्थ यादीत देणगी असा असतो. अरबीतल्या एका 'ह'ने लिहिले तर तो बरोबर आहे, दुसऱ्या 'ह'ने लिहिले तर अर्थ होतो 'तिच्यापासून'. देवनागरीत दोन्ही सारखेच. वर ज्या 'आसिया'चा उल्लेख आला तिचेही तसेच आहे. फिरऔनची सत्शील पत्नी आसिया वेगळ्या अक्षरांची आणि अवज्ञा करणारी आसिया वेगळ्या अक्षरांची. हा फरक यादी बनवणाऱ्याला ठाऊक नसतो, घेणाऱ्याला तर नसतोच. या अज्ञानाला आम्ही दीनदारी समजतो, हे आमचे दुखणे आहे.

हे का होते, तेही आम्हाला कळते. भाड्याने घर शोधताना नाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव आमच्यापैकी कोणाला नाही? बाहेर नावावरून हिणवले जाते म्हणून काही जण घरात नाव अधिक घट्ट धरतात. काही जण उलट मुलाला असे नाव देतात की धर्म कळूच नये. दोघांचेही दुःख खरे आहे. पण 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा आम्ही म्हणालो, इतिहास पुसला जातो आहे. मग आमच्या घरातला इतिहास आम्ही आमच्याच हाताने का पुसतो?

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. आमच्या पाहण्यात अशा बाया आहेत ज्यांचे नाव लग्नानंतर सासरच्यांनी 'सुधारले'. रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. 31 ऑगस्ट 2019 रोजी आसामच्या नागरिक नोंदवहीच्या अंतिम यादीतून 19 लाखांहून अधिक माणसे वगळली गेली. नावातल्या अक्षरांच्या फरकाने लोकांना कसे नडवले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव, मग वडिलांचे असा क्रम आला आहे. आईचे नाव आता कागदावर चढणार. ते तिच्या स्वतःच्या दाखल्याशी जुळले पाहिजे. तेव्हा हयात बाईचे नाव बदलून तिच्या लेकरांच्या कागदांत घोळ घालणाऱ्या शहाण्यांनी जरा दम धरावा. बाळाच्या नावाचीही घाई नको. जन्माची नोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते.

आमच्या बैठकीचे काय झाले? तासभर वाद झाला. शेवटी आमची सून आतून म्हणाली, "गार-ए-हिरा आहे ना?" पैगंबरांना पहिली वही आली ती हिरा गुहेत. पाहुण्यांचे चेहरे उजळले. माशाअल्लाह, माशाअल्लाह म्हणत पुस्तिका मिटली गेली. देवनागरीत दोन्ही हिरा सारखेच. महापालिकेच्या दाखल्यावर नातीचे नाव 'हिरा' लागले.

आम्ही जिंकलो असे सून म्हणते. आम्हाला तसे वाटत नाही. आईचे नाव गुहेच्या आडून आत आणावे लागले आणि त्यातली 'बी' उंबऱ्याबाहेरच राहिली. पाळण्याजवळ आम्ही 'हिराबी' अशीच हाक मारतो. व्याह्यांना ते अजून खटकते.