मारहाण मुंबईत झाली, मग मंडणगडच्या कोर्टात दाद मागता येते का?

नवरा मुंबई-ठाण्याकडे नोकरीला. मारहाण झाली ती तिथल्या भाड्याच्या खोलीत. बायको मुलांना घेऊन माहेरी, मंडणगड तालुक्यात परत आली. आता तक्रारीसाठी तिने पुन्हा मुंबई गाठायची का?

कायद्याचं उत्तर आहे, नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण कायदा, २००५ याच्या कलम २७ नुसार महिला तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. त्यांचा आदेश देशभर लागू होतो.

कोकणासाठी ही तरतूद फार मोलाची आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. म्हणजे घर गावात आणि कमावता माणूस मुंबईत, ही इथली जुनीच रीत. १२ ऑक्टोबर २०२५ ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मंडणगडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटनही झालं.

पण नुसतं कोर्ट जवळ असून भागत नाही.

कोणाचं काम काय?

या कायद्यातला मधला दुवा म्हणजे संरक्षण अधिकारी. महिलेचं म्हणणं ऐकून घटनेचा अहवाल तयार करणं, तो कोर्टाला आणि पोलिसांना देणं, मोफत वकील मिळवून देणं, गरज असेल तर निवाऱ्याची सोय करणं, हे त्याचं काम. जखमा असतील तर वैद्यकीय तपासणी करून घेणं आणि जिथे हिंसा झाली त्या हद्दीतल्या पोलिसांना तो अहवाल पाठवणं, हेही त्याच्याकडेच.

पोलीस, सरकारी दवाखाना, निवारागृह, विधी सेवा समिती आणि नोंदणीकृत संस्था हे बाकीचे दुवे. मदतीची विनंती आली तर दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. 'घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या' एवढं सांगून पोलिसांचं कर्तव्य संपत नाही. या कायद्याखाली कोणते हक्क आहेत, हे महिलेला सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

अडतं कुठे?

अर्जावर पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. नवऱ्याला नोटीस बजावायची जबाबदारी संरक्षण अधिकाऱ्याची, मुदत २ दिवस. अर्ज मंडणगडला आणि नवरा मुंबईला असेल तर दोन जिल्ह्यांतल्या यंत्रणांना एकमेकींशी बोलावंच लागतं. नोटीस पोहोचली नाही की तारीख पुढे जाते. तोवर बाईचा खर्च कुणी चालवायचा?

संरक्षण अधिकाऱ्याचं काम अनेक ठिकाणी दुसऱ्या पदावरच्या माणसाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलेलं असतं. एका जिल्ह्याला एकच अधिकारी असेल तर त्याच्या वाट्याला सरासरी ५०० ते ६०० प्रकरणं येतील, याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये लक्ष वेधलं होतं. २० मे २०२५ ला न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं. महिला व बालविकास विभागातल्या अधिकाऱ्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, असा आदेश राज्यांना दिला.

यातला 'तालुका' हा शब्द महत्त्वाचा. मंडणगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. तालुक्यात रेल्वे स्टेशन नाही. रत्नागिरीला जायचं म्हणजे मुलांना कुणाकडे तरी ठेवून, मजुरी बुडवून अख्खा दिवस घालवायचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या १०० पैकी फक्त १४ महिलांनी कुणाची तरी मदत मागितली. एवढ्या कमी जणी पुढे येत असताना, आलेलीला एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवणं म्हणजे तिला घरी परत पाठवणंच आहे.

लगेच काय करता येईल?

- तातडीचा धोका असेल तर ११२, महिला हेल्पलाइन १८१.
- दवाखान्यात जखम कशी झाली ते खरं सांगा, कागद जपून ठेवा.
- महिलांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही.
- जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण ५ दिवस राहता येतं.
- धोका मोठा असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच कोर्ट अंतरिम आदेश देऊ शकतं. संरक्षण आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.
- तक्रार शेजारी किंवा नातेवाईकही कळवू शकतात. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.